खिडकीतल्या बाईची मान

सगळ्यात आधी गेलं ते जिन्याजवळचं घड्याळ. तसं ते कुणी चोरून न्यावं असं मुळीच नव्हतं. काच तडकलेली, मिनिटकाटा तासकाट्यात अडकून बसलेला, आणि तरी आतलं यंत्र इमानेइतबारे टिकटिक करत होतं. किती वाजले ते कळायचं नाही, वेळ चाललाय एवढं मात्र कळायचं. एका सकाळी ऑपरेटरबाई झाडू घेऊन जिन्याशी आल्या आणि बघतात तर काय, भिंतीवर नुसता खिळा!

"अहो, घड्याळ कुठे गेलं?"

"तुला सांगितलं की काल," चिठ्ठीसाहेब आतून म्हणाले.

कुणी काही सांगितलं नव्हतं. बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

आता ही नावं कुठून आली ते आधी सांगितलेलं बरं. बाईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि तोंडात दिवसभर एकच शब्द, "हं, बोला." गावाची भांडणं, लग्नं, मरणं त्यांच्या कानांवरून गेली. दिवसभर इतकं ऐकून घरी आलं की कानांना सुट्टी लागायची. नवरा बोलायचा, बाई "हं" म्हणायच्या, आणि संसार सुरळीत चालला होता. साहेब होते एका कारखान्यात स्टोअरकीपर. चिठ्ठीशिवाय त्यांच्या भांडारातली टाचणीसुद्धा हलायची नाही. वस्तू काय, कुठून काढली, कशाला हवी, आणि देणाऱ्याची सही. खुद्द मॅनेजर एकदा पेन्सिल मागायला आला, तर त्यालाही चिठ्ठी भरायला लावली. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी कोऱ्या चिठ्ठ्यांचं अख्खं पुडकं त्यांना भेट दिलं. ती थट्टा होती. साहेबांना थट्टा कळली नाही, त्यांनी खरंच मनापासून आभार मानले.

आणि मागच्या खोलीत होती त्यांची आगगाडी. भिंतीपासून भिंतीपर्यंत एक टेबल, त्यावर रूळ, बोगदा, स्टेशन, बाग, नदी, नदीवर पूल, आणि रुळांच्या कडेने बोटाएवढ्या माणसांचं गाव. गेल्या हिवाळ्यात त्यांनी बाईंना मोठ्या हौसेने हे सगळं दाखवायला नेलं. बाई पाच मिनिटं उभ्या राहिल्या, गाडी चार वेळा गेली आणि आली, आणि त्या म्हणाल्या, "गाडी तेवढी फिरतेय. बाकी गाव मेलेलंच आहे की हो तुमचं! माणसं कशी, भूत पाहिल्यासारखी उभी." उचलली जीभ लावली टाळ्याला. साहेबांनी गाडी थांबवली आणि दिवा घालवला. त्यानंतर बाई त्या खोलीत गेल्या नाहीत, आणि साहेबांनी बोलावलंही नाही.

घड्याळामागोमाग शिलाई मशीनची एक बॉबिन गेली. मग फाटक्या छत्रीची एक काडी. मग कपाटातला छोटा पिवळा बल्ब, मोडलेल्या सुईचा तुकडा, जुन्या कॅसेट प्लेअरमधला रबरी पट्टा. फ्रिजच्या दारावरचं लिंबाच्या फोडीचं चुंबकही गेलं, आणि त्याखाली लावलेला दूधवाल्याचा नंबर जमिनीवर पडलेला सापडला. दर वेळी बाई विचारायच्या, आणि दर वेळी उत्तर तेच.

"सांगितलं की तुला."

"तुला विचारून तर घेतलं."

"अगं, तूच दिलंस!"

एक्स्चेंजमध्ये तक्रारवही असायची. बाईंनी जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर तशीच वही सुरू केली: तारीख, वस्तू, साहेबांचं उत्तर. दोन महिन्यांत दोन पानं भरली. आणि असली वही त्यांनी आधी एकदा मनातल्या मनात लिहिली होती, थोरल्या दिरांची. त्यांचंही असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या पिठाच्या डब्यात सापडल्या, मग चष्मा बुटात. विचारलं की म्हणायचे, "तुम्हीच ठेवायला सांगितलंत." दोन वर्षांनी ते स्वतःच्या बायकोला "आपण कोण?" असं विचारू लागले, तेही अगदी अदबीने. सख्खा भाऊ. एकाच आईची मुलं. बाई घाबरल्या. बुधवारी साहेब पेपर आणायला गेले तशी त्यांनी लेकीला फोन लावला.

लेकीने सगळं ऐकून घेतलं. मधेच "कुणाचं? बाबांचं?" असं विचारलंही. मग म्हणाली, "मी रविवारी येते, आई. सोमवारी डॉक्टरांकडे जाऊ. आणि आता तुम्ही दोघांनीच तिथे राहायचं नाही. माझ्याकडे चला."

"आणि ते टेबल?"

"माझ्या दोन खोल्यांत ते टेबल कुठे मावणार? मोडावं लागेल."

फोन ठेवल्यावर बाई स्वयंपाकघरात नुसत्याच उभ्या राहिल्या. नवरा हातचा चालला, घर चाललं, आणि ज्याच्यापायी तो रोज चार वाजता उठून चालता होतो ते टेबलही चाललं. सगळं त्यांच्या एका फोनवर.

पण रविवारला चार दिवस होते, आणि खरं सांगायचं तर बाईंना भीती होती तेवढीच उत्सुकताही होती. त्या वही घेऊन बसल्या आणि कोडं सोडवावं तशी ती यादी पुन्हा वाचली. विसरभोळा माणूस हाताला लागेल ते उचलतो. दिरांनी एकदा ओला टॉवेल खिशात घातला होता. पण हा माणूस निवडून उचलत होता. छत्रीच्या आठ काड्यांतली एकच नेली, तीही सगळ्यात सरळ. तीन बॉबिन होत्या, त्यातली हलकी नेली. चमच्यांना हात लावला नाही, कात्री जागच्या जागी. कुठेतरी पाणी मुरत होतं. घड्याळ, काडी, चुंबक आणि मोडकी सुई घेऊन माणूस करेल तरी काय?

गुरुवारी सकाळी बाईंनी सापळा लावला. जेवणाच्या टेबलावर सहा वस्तू ओळीने मांडल्या: एक मोठं बटण, दोऱ्याचं रिकामं रीळ, बाटलीचं झाकण, सायकलची तार, एक वाटी, आणि लेकीने दिलेला बॅटरीवरचा टूथब्रश, ज्याचे केस झडले होते पण अंगात अजून थरथर होती. स्वतः समोर शब्दकोडं घेऊन बसल्या. नजर कोड्यावर आहे असं दाखवायचं आणि लक्ष वस्तूंवर ठेवायचं, असा बेत.

साहेब चहा घेऊन आले. त्यांनी चहा ठेवला. काहीतरी म्हणाले.

"हं," बाई म्हणाल्या, कारण नेमकं तेव्हाच आडवं सात सुटत आलं होतं.

साहेब आणखी काहीतरी म्हणाले आणि एक कागद पुढे केला. लाइटबिलाचं असेल. बाईंचा चष्मा नेहमीप्रमाणे कपाळावर होता; कोड्याची ठळक अक्षरं त्याशिवाय दिसायची, कागदावरची बारीक नाही. त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात आडव्या सातची अक्षरं जुळवून पाहिली, ती जुळली, त्या खुशीत खाली सही ठोकली आणि पुन्हा कोड्यात शिरल्या. चहा निवल्यावर वर बघतात तर टेबलावर पाचच वस्तू. टूथब्रश गायब! नाकासमोरून!

"अहो! टूथब्रश कुठे आहे?"

"अगं, आत्ताच तर..." साहेब दारात थबकले. बायकोकडे त्यांनी फार वेळ पाहिलं, अगदी काळजीने, आणि मग हळूच विचारलं, "तुला बरं आहे ना?"

हे तर कहरच झालं. बाईंनी वहीत त्या दिवशी लिहिलं: 'आता मलाच विचारतात.'

शुक्रवारी साहेब केस कापायला गेले. न्हाव्याकडे शुक्रवारी गर्दी असते, म्हणजे निदान तासभर. बाई मागच्या खोलीच्या दाराशी गेल्या. दाराला कुलूप नव्हतं, कधीच नव्हतं. नुसती कडी होती, ती त्यांनी काढली.

आत सरसाचा आणि रंगाचा वास. पडदा अर्धा ओढलेला. टेबलावर तेच ते गाव, तशीच उभी माणसं. बाईंना वाटलं, काहीच बदललेलं नाही, उगीच आले. टेबलाच्या कडेला मोठं बटण होतं, ते त्यांनी दाबलं.

आधी टिकटिक ऐकू आली. जिन्याजवळची टिकटिक, त्यांच्या ओळखीची. ती टेबलाखालून येत होती. आणि वर, बागेत, कुत्र्याला घेऊन एक म्हातारा निघाला. एका टिकेला एक पाऊल. तो कारंज्याभोवती एका मिनिटात एक फेरी पुरी करायचा आणि लगेच दुसरी सुरू करायचा.

"अगोबाई!" बाई मोठ्याने म्हणाल्या, खोलीत कुणी नसताना.

टेकडीवरची पवनचक्की हळूहळू फिरायला लागली. तिच्या पायथ्याशी घरात पिवळा उजेड होता. बल्बची ऊब वर चढत होती आणि कागदाची पाती ढकलत होती, बस, एवढंच. गच्चीवर एक बाई चादर झटकत होती. चादर म्हणजे टूथब्रशच्या दांड्याला चिकटवलेला रुमालाचा तुकडा. नदीकाठी बॉबिनवरून दोरा जात होता, दोऱ्याला नाव बांधली होती, आणि नाव या काठाहून त्या काठाला जाऊन परत येत होती. मग बोगद्यातून गाडी आली. तिच्या वजनाने रुळाखाली काहीतरी दबलं आणि फाटकाचा दांडा खाली आला. छत्रीची काडी! गाडी गेली, फाटक उघडलं. बाजारातून आणलेलं तिथे काहीच नव्हतं. बाईंच्या घरातलं भंगार सगळीकडे चालत होतं, झटकत होतं, फिरत होतं. बाईंनी गाडी सात वेळा जाऊ दिली. कुठे आधी बघावं तेच त्यांना कळेना.

मग त्या गुडघे धरून टेबलाखाली शिरल्या. हे होतं कसं, ते बघितल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं.

खाली घड्याळाचं यंत्र उलटं लावलेलं होतं. सेकंदकाट्याच्या जागी पुठ्ठ्याची पट्टी, पट्टीच्या टोकाला मिरीएवढं चुंबक. वर बाग पातळ पुठ्ठ्याची, आणि म्हाताऱ्याच्या बुटाखाली टाचणीचा तुकडा. चुंबक खालून फिरतं, म्हातारा वरून मागेमागे जातो. इतकं सोपं! बाईंना आनंदाने हसू फुटलं. आणि मग त्यांना दिसलं की यंत्राला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे. बॉबिनलाही एक. काडीला, बल्बला, पट्ट्याला, प्रत्येकाला एकेक. बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

'वस्तू: घड्याळ, एक, काच फुटकी. कुठून: जिन्याजवळील खिळा. कशासाठी: गावात गाडीशिवाय काही हलत नाही, अशी हिची तक्रार. देणार:' आणि पुढे सही.

सही बाईंची होती.

त्यांना आधी वाटलं, साहेबांनी केली असेल. पण त्या सहीचं शेवटचं शेपूट एक्स्चेंजमध्येसुद्धा कुणाला जमायचं नाही. त्यांनी दुसरी चिठ्ठी वाचली, तिसरी वाचली. प्रत्येकीवर तारीख, आणि त्यांच्या वहीतल्या तारखेशी एक दिवसाचाही फरक नाही. टूथब्रशची चिठ्ठी गुरुवारची होती. तिच्या कोपऱ्यात आडव्या सातची अक्षरं होती, बाईंनी स्वतःच्या हाताने जुळवलेली.

म्हणजे साहेब सांगत होते. रोज सांगत होते, विचारत होते, लिहून देत होते. त्यांचं डोकं अगदी शाबूत होतं, कुठली काडी कुठून घेतली इथपर्यंत शाबूत. टेबलाखाली बसल्याबसल्या बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि हसूही आलं, दोन्ही एकदमच. काखेत कळसा आणि गावाला वळसा! वही कुणाची भरत होत्या त्या, आणि तक्रार कुणाची!

एक चिठ्ठी राहिली होती, अगदी कडेला, रुळाजवळच्या एका घराखाली. 'वस्तू: चुंबक, लिंबाचं, एक. सुई, मोडकी, अर्धी. कशासाठी: ही.'

नुसतं 'ही'. बाई बाहेर आल्या आणि त्या घराशी वाकून पाहू लागल्या. खिडकीत एक बाहुली बसली होती, बोटाच्या पेराएवढी. कपाळावर चष्मा, पुढ्यात पेपराचा चिमुकला चौकोन. गाडी आली. पहिल्या डब्यात चुंबक होतं, बाहुलीच्या कपाळात सुईचा तुकडा. डबा खिडकीसमोरून गेला तशी बाहुलीची मान पुढे ओढली गेली, मागे आली, पुन्हा पुढे. हं. हं. गाडी गेली आणि ती पेपर वाचत राहिली. गाडीकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

"ती नीट बसत नव्हती आधी," मागून आवाज आला. साहेब दारात उभे होते, मानेवर कापलेले केस तसेच. "चार दिवस गेले तिच्यात."

बाईंनी वळून पाहिलं. "ही मी?"

"तूच. मी बोलतो आणि तू हं म्हणतेस. तशी."

"अहो, मग रागावायचं नाही का माझ्यावर? ओरडायचं, ऐक म्हणून!"

"रागवायचं कशाला? हं तर म्हणतेस." साहेब रुमालाने मान पुसू लागले. "दादा गेल्यावर वहिनी म्हणाली होती, आता घरात हं म्हणायलाही कुणी नाही. ते माझ्या डोक्यात राहिलं."

 बाईंनी तीस वर्षं परक्यांना "हं, बोला" म्हटलं आणि घरच्या माणसाला अर्धंच वाक्य दिलं. नुसतं "हं". "बोला" कधी म्हटलंच नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्यांनी ती सांगूनही टाकली. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "आणि आणखी एक सांगते. मी लेकीला फोन केला होता. तुमचं डोकं फिरत चाललंय म्हणून."

साहेबांचा रुमाल थांबला. "माझं?"

"हो."

"मीही केला होता," साहेब म्हणाले. "मंगळवारी. वस्तू देतेस, सही करतेस, आणि तासाभराने विचारतेस कुठे गेली. म्हटलं, दादाचं आता हिला लागलं. रात्रंदिवस तीच काळजी होती मला."

"काय म्हणाली ती?"

"रविवारी येते म्हणाली."

बाईंना जे हसू फुटलं ते आवरेना. साहेबांना थट्टा सहसा कळत नाही, पण ही कळली. ते स्टुलावर बसून डोळे पुसेपर्यंत हसले.

मग बाईंनी दुसरं स्टूल ओढलं, चष्मा डोळ्यांवरच ठेवला आणि म्हणाल्या, "हं. बोला. घड्याळापासून सुरू करा."

साहेब बोलले. पवनचक्की तीनदा कशी फसली ते सांगितलं. पाती आधी जाड कागदाची होती, उबेला दाद देईनात, मग पतंगाच्या कागदाची केली. नाव दोनदा कशी बुडाली तेही सांगितलं, वास्तविक नदी नुसती रंगवलेली होती. बाई ऐकत होत्या, मधेमधे विचारत होत्या, आणि त्यांचे डोळे राहूनराहून त्या खिडकीकडे जात होते.

"अहो, हिची मान टाचणीवर बसवली आहे ना? या कानातून त्या कानात?"

"हो. आडवी टाचणी."

"म्हणून ती वरखाली होते. ती टाचणी उभी केली तर? डोक्यातून खाली गळ्यात. आणि सुई कपाळातून काढून नाकात."

 हवेत दोन बोटं धरून साहेबांनी एक अदृश्य मान फिरवून पाहिली. मग त्यांनी खिशातून पुडकं काढलं, एक चिठ्ठी भरली आणि बाईंपुढे धरली. बाईंनी ती पहिल्या अक्षरापासून वाचली. 'वस्तू: टाचणी, एक. कुठून: हिचा डबा. कशासाठी: मान वळावी म्हणून.' त्यांनी खाली सही केली, शेपटासकट.

रविवारी लेक आली ती चेहरा पाडून, हातात दोन फायली, एक आईच्या नावाची आणि एक बाबांच्या. तिला आधी चहा मिळाला आणि मग मागच्या खोलीत नेलं गेलं. बटण तिनेच दाबलं. म्हातारा कुत्र्याला घेऊन निघाला, पवनचक्की फिरली, फाटक पडलं. फायली तिच्या हातातून कधी घसरल्या ते तिला कळलं नाही.

"बाबा, हे सगळं तुम्ही केलंत? कशाने?"

साहेबांनी घसा खाकरला आणि घड्याळापासून सुरुवात केली. बाईंचं हे सगळं ऐकून झालं होतं. तरी त्या दोघांच्या मधे स्टुलावर बसल्या होत्या, आणि साहेब कुठे थांबले की म्हणत होत्या, "मग?"

गाडी बोगद्यातून बाहेर पडली. खिडकीतल्या बाईचं तोंड तिच्याकडे वळलं. डबा समोर आला, पुढे गेला, आणि ती मानही त्याच्याबरोबर वळत गेली, अगदी पुलापर्यंत. गाडी दिसेनाशी झाली तरी ती तिकडेच बघत होती.

"मग?" बाई म्हणाल्या.